एकशे सत्तेचाळिसावा जोड

"मॅडम, या पाइपाला मिठी मारली तर भाजतं का?"

प्रश्न माझा नव्हता, नौशीन मुकादमचा होता. बसमध्ये तिने आणि सिद्धीने पैज लावली होती, की हे मी अख्ख्या नववीसमोर, रेडीज सरांसमोर आणि त्या पिवळ्या हेल्मेटवाल्या इंजिनियर मॅडमसमोर विचारलं, तर महिनाभर माझे भूगोलाचे नकाशे नौशीन काढणार. माझा भारत दर वेळी पपईसारखा होतो. म्हणून मी विचारलं.

सगळे फिस्सकन हसले. सरांनी डोळे वटारले, "केतकी भुवड!" पण त्या इंजिनियर पाध्ये मॅडम अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मारून बघ की."

आता माघार कोण घेणार? जमिनीतून वर आलेला तो जाडजूड चंदेरी पाइप मी दोन्ही हातांनी कवटाळला, वर गालही टेकवला. मागे सिद्धीने फोनवर फोटो काढला.

काहीच वाटलं नाही. म्हणजे गरम नाही, गारही नाही. शाळेच्या बाकासारखा होता तो.

"आत्ता याच्या आतून एकशे एकोणीस अंशांचं पाणी चाललंय," मॅडम म्हणाल्या, तशी सगळी नववी एक पाऊल मागे सरकली. मी सोडून.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. मी गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीलासुद्धा नीट 'हजर' म्हणत नव्हते. यंदा मी वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आले, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केलं आणि मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं की मुलींच्या नळाला पाणी येत नाही. "केतकी काय धीट झाली हो!" असं सगळे म्हणतात. खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही. सप्टेंबरपासून मला काही वाटतच नाही. मग भीती तरी कुठून वाटणार? सप्टेंबरात माझी जुईताई गेली. ताप आला, चौथ्या दिवशी रत्नागिरीच्या हॉस्पिटलात संपलं. ती एकोणीस वर्षांची होती. मी तेव्हा रडले नाही आणि नंतरही नाही. आमच्या घरात तेव्हापासून तिचं नाव कुणी घेत नाही. ठरवून नाही, तसंच झालं.

तर पाइप. आमच्या उन्हवलीत पूर्वीपासून उन्हाळं आहे, म्हणजे गरम पाण्याचं कुंड. त्यावरून कंपनीला कळलं की खाली तापलेला खडक आहे. तिथपर्यंत अडीच किलोमीटर खोल विहीर खणली. विहिरीत एक पाइप सोडला. पाइपाच्या बाहेरच्या मोकळ्या जागेतून गार पाणी खाली जातं, तळाशी खडक त्याला तापवतो आणि तेच पाणी पाइपाच्या आतून वर येतं. म्हणजे जाणारं गार आणि येणारं कढत, दोघं अडीच किलोमीटर एकमेकांना खेटून चालतात, मध्ये फक्त पाइपाची भिंत. भिंत साध्या लोखंडाची असती, तर वर येणारं पाणी वाटेतच सगळी उष्णता खाली जाणाऱ्याला देऊन बसलं असतं. म्हणून हा पाइप थर्माससारखा दुहेरी आहे. दोन भिंतींच्या मधली हवा काढून टाकलेली, आत चकचकीत पन्नी आणि सगळ्यात आतून क्षार चिकटू नयेत म्हणून गुळगुळीत अस्तर.

वर आलेल्या गरम पाण्यावर शीतघर चालतं. हो, गरम पाण्यावर! त्या उष्णतेने अमोनिया पाण्यापासून वेगळा होतो, मग त्याची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं त्यातलाच प्रकार, फक्त बर्फापर्यंत. होड्यांना बर्फ तिथूनच जातो, आरोग्य केंद्राच्या लसी तिथेच राहतात, आणि यंदा पहिल्यांदा सगळ्या पंचक्रोशीचा आंबा तिथे ठेवायचा होता.

"मॅडम," नौशीनने हात वर केला, "पाटीवर तर एकशे अडतीस अंश लिहिलंय."

मॅडमचा चेहरा जरासा उतरला. "ऑक्टोबरमध्ये होतं तेवढं. आता कमी कमी होतंय. शोध चालू आहे."

मग विषय बदलायला त्यांनी आम्हाला टेबलावर कापून ठेवलेला पाइपाचा जोड दाखवला. प्रत्येक पाइप बारा मीटरचा. असे दोनशे बारा पाइप एकाला एक आट्यांनी जोडलेले, बाटलीच्या झाकणाला असतात तसेच आटे, फक्त मनगटाएवढ्या जाड लोखंडात. "इथे जोडात दुहेरी भिंत करता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसतं लोखंडाला लोखंड. म्हणून प्रत्येक जोडात आतून ही बसवायची."

त्यांनी एक पांढरी रिंग उचलून दाखवली. वीतभर रुंद, बोटभर जाड, एका कडेला हिरवी रेघ.

मी बघतच राहिले. ती रिंग आमच्या घरी आहे. आई तिच्यावर गरम पातेलं ठेवते.

"आणि ही घालायची राहिली तर?" मी विचारलं. हा प्रश्न मात्र माझा होता.

"तर कढत पाणी थेट आट्यांना लागतं, आटे खाऊन टाकतं. मग बाहेरचं गार पाणी तिथूनच आत घुसतं. तळाशी न जाताच वर परत येतं. आटे पार संपले, तर जोड सुटतो आणि खालचे सगळे पाइप विहिरीत." मग हसून म्हणाल्या, "पण तसं होत नाही. तुझे बाबाच तर होते ना जोडांवर? दत्ताराम भुवड? त्यांच्यासारखी टोळी मी कुठे पाहिली नाही."

सिद्धीने मला कोपराने ढोसलं. मी हसले. हसायला मला काही लागत नाही.

घरी गेले तर ओट्यावर चहाचं पातेलं होतं आणि त्याखाली ती. हिरवी रेघ भिंतीच्या बाजूला.

"आई, ही रिंग कुठनं आली गं?"

"बाबांनी आणली. कामावर जास्तीची उरली म्हणे." आई टीव्हीकडे बघत होती. टीव्हीवर कुणीतरी भेंडी चिरत होतं. "चांगली आहे. ओटा तापत नाही."

मी पातेल्याखाली हात घालून पाहिला. खरंच तापला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शीतघरावर गेले. धुमकांचा बाळाकाका माझ्या बाबांच्या टोळीत होता, आता तिथे खोके चढवतो. मला बघून त्याने बर्फाचा तुकडा हातावर ठेवला. तो सगळ्या पोरांना ठेवतो.

"काय गो बाय, आज इकडे कुठे वाट चुकलीस?"

"काका, जोडाला तुम्ही नावं द्यायचात ना? ते परत सांग ना."

"अगो, किती वेळा सांगू?" म्हणाला, पण खोका खाली ठेवलाच. "त्या यंत्राच्या घरघरीत आकडे ऐकूच येत नाय. एकशे छत्तीस झाला का सदतीस, कोण सांगणार? म्हणून तुझा बापूस म्हणाला, नावं घालू. ज्याच्या त्याच्या घरातली. आपल्या माणसाचा जोड कोण कच्चा ठेवील? तो वरून वहीतलं नाव पुकारायचा. मी आत रिंग बसवायची आन् वरडायचं, 'आहे!' मग त्याने हात खाली करायचा, की पान्ह्यावाला आटे आवळणार. माझ्या म्हातारीचा जोड अठ्ठावन्न. तिला सांगितलं, तर म्हणते, मला कशाला रे जित्तीपणी पाताळात घातलंस!" तो खो खो हसला.

"आणि आमच्या घरातली?"

त्याचं हसू थांबलं. तो माझ्या हातातल्या बर्फाकडे बघू लागला.

"काका, जुईताईचा कितवा?"

तिचं नाव माझ्या तोंडून पाच महिन्यांनी निघालं. अगदी सहज निघालं, चणे-फुटाणे म्हटल्यासारखं.

"एकशे सत्तेचाळीस," तो हळू म्हणाला. "वही तिनेच लिहिलेली ना. तुझ्या बापसाचं अक्षर कोणाला लागतंय? पाइप सोडायच्या आधी तीन आठवडे ती गेली. तो तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला आला. आम्ही म्हटलं, नको येऊ. आला. शंभर जोड झाले, सव्वाशे झाले. एकशे सेहेचाळीसला म्हाद्याच्या बायकोचं नाव होतं, ते पुकारलं, मी 'आहे' म्हटलं. मग पुढचा पाइप आला. मी रिंग घेऊन हुबा. वर बघितलं. तुझ्या बापसाने तोंड उघडलं... नाव नाय आलं. नुसता हुबा. आन् मग त्याचा हात खाली आला. पान्हा फिरला."

"आणि रिंग?"

"माझ्या हातात." बाळाकाकाने तळवा उघडून दाखवला, जणू ती अजून तिथेच होती. "मला वाटलं, त्याने आपल्या हाताने घातली असेल आदी. लेकीची होती ना. मी माझीवाली पेटीत ठेवून दिली."

"विचारलं नाहीस?"

"काय इचारू, बाय? त्या टायमाला? त्याला?" त्याने खोका उचलला. "तूच सांग, काय इचारलं असतंस?"

हातातला बर्फ वितळून कोपरापर्यंत ओघळ आला होता, तो मला नंतर दिसला.

वही बाबांच्या गमबुटांच्या खोक्यात सापडली. रेघारेघांची, वरती ताईचं गोल गोल अक्षर, 'जोडांची नावं', खाली दोन फुलं. तिला कुठेही फुलं काढायची सवय. प्रत्येक नावासमोर बाबांची पेन्सिलची टिकली. एकशे सेहेचाळीस, सुलभा म्हादेव, टिकली. एकशे सत्तेचाळीस, जुई, आणि पुढे कंसात तिने लिहिलं होतं, 'मीच!' टिकली नव्हती. एकशे अठ्ठेचाळीस, केतकी. टिकली होती, पण कागद फाटेपर्यंत दाबलेली.

म्हणजे माझा जोड तिच्या लगेच वरचा. हे मला माहीतच नव्हतं.

मी हिशेब केला. पाइप तळापासून मोजतात. एकशे सत्तेचाळिसाच्या वर पासष्ट पाइप. पासष्ट गुणिले बारा, सातशे ऐंशी मीटर. वही मिटली आणि परत खोक्यात ठेवली. मग मी गृहपाठ केला, सगळा, शुद्धलेखनासकट. मला काही होत नव्हतं.

शनिवारी शाळेच्या सभागृहात ग्रामसभा झाली. पाध्ये मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवला. पाइपाच्या बाहेरून काचेच्या तंतूची एक केबल खालपर्यंत बांधलेली आहे. तिच्यातून प्रकाश सोडला, की जाणाऱ्या-येणाऱ्या किरणांवरून दर मीटरला किती तापमान आहे ते कळतं. लांबच लांब सरळ रेघ होती. फक्त एका ठिकाणी पुटकुळीएवढा उंचवटा.

"तिथे काय आहे?" सरपंचबाईंनी विचारलं.

"सातशे ऐंशी मीटरवर केबलची पट्टी बसवलेली आहे. त्यामुळे आकडा चुकतो. त्याला अर्थ नाही," मॅडम म्हणाल्या. मग पाणी प्यायल्या. "खरं सांगते. आमचा अंदाज चुकला. खालचा खडक वाटला त्यापेक्षा लवकर थंड होतोय. एक मार्चला हे विहिरीचं केंद्र बंद करायचं ठरलंय. पाइप आतच राहतील, वरून सिमेंटने तोंड बंद करू."

मग गलका झाला. मासेवाल्या सकीनाचाची उभ्या राहून म्हणाल्या, "आंबा दीड महिन्यावर आला न् आता सांगता होय? खडक थकला म्हणे! खडक काय बाळंतीण आहे?" लोक हसले. बाबा मागच्या दाराशी, हाताची घडी घालून उभे होते. ते पडद्याकडे बघत नव्हते. जमिनीकडे बघत होते.

सिमेंट ओतलं, की ती पुटकुळी कुणालाच कधी दिसणार नव्हती. बाबांना कुणी बोल लावणार नव्हतं. आणि खडक थंड झाला नव्हता, हे त्या सभागृहात तीनच माणसांना माहीत होतं. नाही, बाळाकाका मान खाली घालून बाहेर गेला, म्हणजे दोघांना.

नौशीनने मला चिमटा काढला. "विचार ना काहीतरी! तू गप्प कशी?"

मी हात वर करायला गेले. हात वर जाईना. तळवे ओले झाले, कानात धडधड. मला वाटलं, मला पण ताप आलाय. मग कळलं, ही भीती आहे. पाच महिन्यांनी आली होती, म्हणून ओळखलीच नाही.

रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आईने आमसुलाचं सार केलं होतं, कढत, वाफ येणारं. तिने टेबलावर रिंग ठेवली आणि तिच्यावर पातेलं. बाबांनी भात कालवला.

"बाबा, ही एकशे सत्तेचाळिसाची आहे ना?"

कालवणारा हात थांबला.

"कसली?" आई म्हणाली.

बाबांनी मला गप्प बस म्हटलं नाही. हातातला भात ताटात सोडला. मग म्हणाले, "शेवटचा जोड झाला न् पेटीत एक उरली. मला तेव्हाच समजलं."

"मग सांगितलं का नाहीत? तेव्हा पाइप वर काढता आले असते!"

"काय सांगायचं?" बाबांचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसा. "कितवा राहिला, असं विचारलं असतं. सगळे होते तिथे. तिचं नाव घ्यावं लागलं असतं. मला तोंडातून काढता येईना, केतके. अजूनही येत नाही."

आई रिंगकडे बघत होती. "तिचीय ही?" ती म्हणाली. "अहो, तिचीय? पाच महिने मी हिच्यावर पातेली ठेवतेय?"

बाबांनी मान हलवली. आई उठली नाही, रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त पदराने रिंगेच्या कडेवर सांडलेला साराचा थेंब पुसला. मग परत पुसला, पुसून झाला होता तरी.

ते बघून मी दोन्ही हातांनी पातेलं उचललं. फडकं न घेता. सणसणीत चटका बसला. मी "आई गं!" म्हणून ओरडले, पातेलं टेबलावर आदळलं, सार सांडलं, आणि बोटं अशी भाजली, अशी भाजली, की माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. यायला लागलं ते थांबेना. आईने माझे हात ओढून पाण्याच्या तांब्यात घातले. बाबा उठून माझ्यामागे आले आणि डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"मला ओरडतील ना, ओरडू देत," बाबा वरून म्हणाले. "पण कामावरून काढतील. परत कुणी जोडाला हात लावू देणार नाही मला."

"माहीत आहे," मी म्हटलं. नाक ओढलं. तांब्यातून हात काढले नाहीत. टेबलावर सार पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध ती पांढरी रिंग.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या शाळेच्या आधी मी पाध्ये मॅडमकडे जाणार आहे. रिंग आणि वही घेऊन. सातशे ऐंशी मीटरवरचा आकडा चुकलेला नाही म्हणून सांगणार. बाबा, तुम्ही बरोबर आलात तर मला धीर येईल, कारण मला खूप भीती वाटतेय. नाही आलात तरी मी जाणार. ते पासष्ट पाइप वर काढतील, तो जोड बदलतील, आणि परत सोडताना एकशे सत्तेचाळिसाचं नाव मी पुकारणार. जुई, असं. यंत्रापेक्षा मोठ्याने. आणि खालून तुम्ही दोघांनी 'आहे' म्हणायचं."